हात नव्वद, नशीब दहा

बुधवार, ११ ऑक्टोबर

हरलो. नाणेफेक हरलो!

क्लबात सगळ्यांच्या देखत वेइयोनं नाणं उडवलं. मी छापा म्हणालो, पडला काटा. चांगली चिप हेल्काला, दुसरी मला. नियम आमचाच — दोघांनी मिळून कॉम्प्युटरच्या दोन चिपा घ्यायच्या, दोन्ही एकाच बोर्डावर, सारख्याच साध्या गारव्यात तपासायच्या, आकडे फळ्यावर लिहायचे आणि मग नाणं. दहा-दहा चिपा मागवून, त्यातली उत्तम तेवढी ठेवून बाकीच्या चौदा दिवसांच्या आत दुकानाला परत धाडणारे महाभाग या देशात कमी नाहीत. मी त्यांना चोर म्हणतो. तोंडावर म्हणतो.

आजचे आकडे: एक चिप पाच हजार सहाशे मेगाहर्ट्झला ठामपणे टिकली. दुसरी पाच हजार तीनशे पन्नासच्या पुढे गेली की मान टाकते. कंपनी तीच, किंमत तीच, खोकं तेच. आतली वाळूच वेगळी निघाली, त्याला कोण काय करणार!

वेइयो खिदळला. "काय उस्ताद, लॉटरी नाही लागली वाटतं!" क्लबची किल्ली त्याच्याकडे असते, त्यामुळे जीभही त्याचीच चालते. वीस वर्षं त्याचं एकच पालुपद — चिपेला तिच्या ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवायची तर ती मुळात पळणारी पाहिजे, बाकी सगळ्या बाता. आणि माझंही वीस वर्षं एकच: हात नव्वद, नशीब दहा. संध्याकाळच्या वर्गात मी हेच शिकवलं. हेल्का त्याच वर्गात भेटली, नऊ वर्षांपूर्वी. गायींना कृत्रिम रेतन करायचं तिचं काम. द्रव नायट्रोजनची टाकी गाडीत टाकून गोठ्यागोठ्यांतून फिरते. नायट्रोजन कसा हाताळायचा ते तिनंच मला शिकवलं. बाकी सगळं मी तिला. म्हणून मी उस्ताद. निम्मं थट्टेत म्हणते, निम्मं खरं.

तर सगळ्यांपुढे मी छाती काढून म्हणालो, "चिपेनं काय फरक पडतो? हात तर माझाच आहे ना!" टाळ्या पडल्या. हेल्कानंही वाजवल्या.

बसमध्ये मात्र डोक्यात एकच. पाच हजार तीनशे पन्नास.


गुरुवार, १२ ऑक्टोबर

शनिवारी ताम्पेरेला स्पर्धा. पहिला येईल तो जानेवारीत तैपेईला, जागतिक फेरीला. तीनदा दुसरा आलोय मी. तीनदा! चोपन्न वर्षांच्या माणसाला किती वेळा बोलावतील?


शुक्रवार, १३ ऑक्टोबर

हेल्काच्या गॅरेजमध्ये तयारी. चिपांची धातूची झाकणं आधीच शिकंज्यात धरून काढली होती, गारवा थेट पोचावा म्हणून. नंबर कोरलेला असतो तो झाकणावर. झाकण गेलं की नंबरही गेला. उघड्या चिपा मग अगदी जुळ्या, आईलाही ओळखू येणार नाहीत. म्हणून दोन डब्या. खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या, आत फोम, वर शाईनं नावं — हेल्का, इल्मो.

दोन्ही बोर्डांवर व्हॅसलीन फासलं, दव धरू नये म्हणून. हेल्का म्हणाली, "गोठ्यातही हेच, इथंही हेच. माझा जन्म व्हॅसलीन फासण्यातच जाणार!" पोट धरून हसलो. मग एकदम म्हणाली, "उस्ताद, तुला वाईट वाटलंय नाणेफेकीचं." मी म्हटलं, "छे गं! खुळी आहेस का?"

वाटलंय. फार वाटलंय.

केर्त्तू विचारत होती, जेवताना गप्प का. बायकोपासून काय लपतं! म्हटलं, कारखान्यात एक पंप बिघडलाय. तोही बिघडलाय म्हणा, पण त्याचं मला काय!


रविवार, १५ ऑक्टोबर

काल लिहिलं नाही. आज लिहितो. दुसऱ्या कोणाला सांगणार? वहीला तरी सांगावं.

सकाळी हेल्काच्या गाडीनं निघालो. वाटेत पेट्रोलपंपावर थांबलो, मी कॉफी आणि डोनट आणायला आत गेलो, ती गाडीतच बसली. परत आलो तर म्हणते, "आज तुझा दिवस आहे, उस्ताद. मला आतून वाटतंय." मी म्हटलं, "दिवस तुझा, बाई. चांगली चिप तुझ्याकडे." ती नुसती हसली. गाडी सुरू केली.

सभागृहात आमची टेबलं शेजारी शेजारी. बोर्ड मांडले, चिपांवर बसवायची तांब्याची भांडी पुसली. सुरुवात जेवणानंतर. हेल्का म्हणाली, "मी सॉसेजच्या रांगेत उभी राहते, तू सामानापाशी थांब. मोहरी घालू का?" घाल म्हटलं.

ती गेली. हत्यारांच्या पेटीत दोन डब्या. दोन्ही उघडल्या. इकडची तिकडे, तिकडची इकडे. झाकणं लावली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. हात थरथरला नाही — हेच मला खुपतंय. वीस वर्षं ज्या हाताची आरती ओवाळली, तो किती सफाईनं चालला!

ती दोन कागदी ताटल्या घेऊन आली. "तुझ्यात मोहरी जास्त घातलीय." मी ते सॉसेज खाल्लं. सगळं.

मग स्पर्धा. नायट्रोजनच्या गारठ्यात चिपा सात हजारांच्याही पुढे पळतात, ज्याचा आकडा मोठा तो पहिला. भांड्यात नायट्रोजन ओतायचा, पारा उणे शंभर, उणे एकशे वीस... आणि माझी चिप गारठून गप्प! पडदा काळा. गॅसच्या बत्तीनं भांडं शेकलं, पुन्हा सुरू. पुन्हा थोडं गार, पुन्हा गप्प. मी घाबरायला हवं होतं. घाबरलो नाही. मला ठाऊक होतं ना, ही चांगली आहे, ही देणार. फळ्यावर आकडा पाहिलाय हिचा. म्हणून थांबलो. उणे एकशे आठला धरून ठेवली, ना वर ना खाली, थेंब थेंब ओतत. व्होल्टेज अगदी चिमटीनं मीठ घालावं तसं वाढवलं. वीस मिनिटं मी दुसरं काही केलं नाही. आयुष्यात एवढा धीर मी कधी धरला नव्हता.

शेजारी हेल्काचं उलटं. पहिल्यापासून घाई, व्होल्टेज वरवर चढवत गेली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो आणि मनात म्हणत होतो — बिचारीला काय माहीत, भांड्याखाली टुकार चिप आहे! हलतच नसेल, म्हणून मारतेय. सात हजार दोनशे तीसवर तिचा पडदा गेला. शेकलं, पुसलं, पुन्हा लावलं. काही नाही. चिप मेली. तिनं दोन्ही हात वर केले आणि हसली. हसली! लोकांना वाटलं, काय दिलदार बाई!

माझा आकडा सात हजार चारशे बारा. पहिला.

सगळ्यात आधी मला मिठी मारली ती हेल्कानं. तिच्या जॅकेटला व्हॅसलीनचा वास होता. "बघ! म्हटलं होतं ना मी!" डोळ्यांत पाणी होतं तिच्या. आणि मी — मीही रडलो. लोक म्हणाले, आनंदाश्रू.

मनाची नाही पण जनाची तरी लाज बाळगावी माणसानं. मला जनाचीच तेवढी निघाली. कोणी बघितलं नाही, म्हणून मी अजून उभा आहे.


सोमवार, १६ ऑक्टोबर

कारखान्यात केक. स्ट्रॉबेरीचा, वर साखरेत लिहिलेलं "७४१२". फोरमनबाईंनी भाषण केलं — आपल्या डागडुजी खात्याचा इल्मो म्हणजे शांत हाताचा माणूस. पहिला तुकडा मला. ताटली बाजूला ठेवली. म्हटलं, दात दुखतोय. लगेच तीन जणांनी तीन दंतवैद्य सुचवले.

दुपारी आपल्या गावच्या पेपरची बाई आली. विचारलं, "या खेळात नशीब मोठं की कसब?"

आणि काय सांगू — जीभ आपसूक चालली. हात नव्वद, नशीब दहा. वीस वर्षांची सवय.


मंगळवार, १७ ऑक्टोबर

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.


शुक्रवार, २० ऑक्टोबर

पेपर आला. पाव पान! माझा फोटो, शेजारी हेल्का माझ्या खांद्यावर हात ठेवून. खाली छापलंय: "शिष्येला मिळाली उत्तम चिप, तरी जिंकला गुरूचा हात." नाणेफेकीची गोष्ट वेइयोनं सांगितली असणार. त्याच्याशिवाय कोण!

म्हणजे आता गावभर झालं. चांगली चिप असूनही हेल्का हरली, वर ती जाळलीही. पोस्टवाली, लायब्ररीतली पोरं, गोठेवाले — सगळ्यांना ठाऊक.

केर्त्तूनं कात्रण फ्रिजवर लावलं, चुंबकाखाली. दूध काढायला गेलो की मीच माझ्याकडे बघून दात काढतोय. आता कॉफी बिनदुधाची पितो.

ती जिंकलेली चिप स्पर्धेनंतर डबीतून बाहेर काढलेली नाही. घरी पुन्हा तपासायची हिंमत नाही. डबी कपाटात, हिवाळी मोज्यांखाली.


बुधवार, २५ ऑक्टोबर

क्लब. जायचं नव्हतं. हेल्का गाडी घेऊन दारातच आली, मग काय सांगणार!

आमच्यात रिवाज आहे — मेलेली चिप फेकायची नाही, भोक पाडून किल्लीच्या जुडग्यात घालायची. हेल्कानं आज सगळ्यांसमोर पाडलं. वेइयो ड्रिल धरून म्हणाला, "दैव देतं आणि कर्म नेतं! काय हेल्का? सोन्यासारखी चिप हातात दिली, तर बाईनं भाजून खाल्ली!" सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "गायींना एवढं व्होल्टेज देत नाहीस ना गं?" पुन्हा हसले.

वेइयो गेली वीस वर्षं नशीब नशीब करत होता. आता माझ्या बाजूनं बोलतो! "मी पक्ष बदलला रे इल्मो. चांगली चिप असून काय उपयोग, हातच नसेल तर!"

हेल्का हसत होती. खरंखुरं हसत होती. "बोला, बोला," म्हणाली, "एवढंच येतं तुम्हाला." राग नाही, रडणं नाही, काही नाही. एखाद्याला मनातल्या मनात काही छान ठाऊक असावं तशी शांत.

मी काय केलं? कॉफी ओतली. सगळ्यांना. कोणाला साखर, कोणाला दूध, विचारत फिरलो. एक वाक्य बोलायचं होतं — गप्प बसा, चिप तिच्याकडे नव्हतीच. तोंड उघडलं आणि विचारलं, "बिस्किट कोणाला?"

भित्रा. भित्रा आणि चोर. आधी चोर, मग भित्रा. क्रम महत्त्वाचा आहे.


गुरुवार, २६ ऑक्टोबर

बर्फ पडला, टिकला नाही.

एक हिशोब डोक्यातून जात नाही. समजा चांगली चिप हेल्काकडेच राहिली असती. तिच्या हातात ती सहज सात हजार पाचशेला गेली असती. तिला व्होल्टेज चढवायची वेळच आली नसती. ती जिंकली असती, तैपेईला गेली असती. ती कधी विमानात बसलेली नाही. गायी वाट बघत नाहीत, म्हणते.

आणि मी त्या दुसऱ्या चिपेवर काय केलं असतं? सात हजार? सहा हजार नऊशे? माझ्या हाताची खरी किंमत मला आता कधीच कळणार नाही. चोरीचं पहिलं नुकसान चोरालाच!


शनिवार, २८ ऑक्टोबर

हेल्का आली. दालचिनीचे बन आणले होते, अजून गरम. केर्त्तू आणि ती स्वयंपाकघरात बोलत होत्या, मी बेसमेंटमध्ये उगाच तारा गुंडाळत बसलो. शेवटी हेल्का खाली उतरलीच.

"उस्ताद, एक मागायचंय."



"तैपेईला मदतनीस लागतो ना? नायट्रोजन ओतायला. मला ने. तिकीट माझं मी काढते. रजा पण विचारून ठेवलीय, बदली माणूस मिळालाय." मग जरा थांबून म्हणाली, "तू तिथं उभा राहशील ना, ते मला बघायचंय. त्यात माझाही थोडा वाटा आहे असं समज."

थोडा! मी तिचा अख्खा वाटा खाऊन बसलोय आणि ती थोडा मागतेय!

"मदतनिसाचं नाव बारा नोव्हेंबरपर्यंत कळवायचंय," मी म्हणालो. "बघू." बघू म्हणालो! नऊ वर्षांच्या मैत्रिणीला बघू. ती जरा चरकली. पण मग म्हणाली, "बघ बघ. घाई नाही." आणि तारा गुंडाळायला बसली. माझ्यापेक्षा नीट गुंडाळते.


सोमवार, ३० ऑक्टोबर

तैपेईहून पत्र. तारीख, हॉटेल, टेबल क्रमांक. सोबत फॉर्म — "आपल्या यशाचं रहस्य दोन ओळींत लिहा."

दोन ओळी जास्तच होतील.


शनिवार, ४ नोव्हेंबर

संतांचा दिवस. केर्त्तूबरोबर दफनभूमीत गेलो, दिवे लावायला. बाबांच्या थडग्यावरचा बर्फ मी हातानं झाडला. बाबा गिरणीत सुतार होते. दुसऱ्याच्या पटाशीला कधी हात लावला नाही त्यांनी. विचारल्याशिवाय मोजपट्टीसुद्धा उचलत नसत. "हत्यार म्हणजे माणसाचा हात," म्हणायचे.

चार रांगा पलीकडे हेल्का दिसली, तिच्या आईच्या थडग्यापाशी. एकटीच. लांबून हात हलवला. मीही हलवला, आणि लगेच वाकून दिव्याची वात नीट करायला लागलो. वात नीटच होती. केर्त्तू माझ्याकडे बघत राहिली.

"तुमचं भांडण झालंय का?"

"नाही."

"मग तू तिच्याशी असा का वागतोस? गेले तीन आठवडे बघतेय मी. ती आली की तू पळतोस."

काडेपेटी खिशात घातली. थंडी फार होती, असं मी नंतर म्हणालो.


शुक्रवार, १० नोव्हेंबर

झालं. तिला कळलंय!

संध्याकाळी वेइयोच्या तळ्याकाठच्या सॉनात, वाफेच्या अंघोळीला, क्लबची बैठक. आधी बायका, मग आम्ही. मग सगळे ओसरीवर, अंगाला पंचे, हातात बिअर, जाळीवर सॉसेज. वेइयोला गप्प बसवत नाही. "हेल्काबाई, पुढच्या वर्षी तुम्हाला चिप नको, बटाटा देतो. तोही भाजा!"

हेल्काला दोन बिअर झाल्या होत्या. तिसरी हातात. नाक लाल, केस ओले. ती फाडकन म्हणाली, "अरे जा! त्या दिवशी चांगली चिप माझ्याकडे असती ना, तर उस्तादालाही मी धूळ चारली असती!"

 वेइयो म्हणाला, "असती म्हणजे? तुझ्याकडेच तर होती!"

तिनं जीभ चावली. खरंच, चावताना मी बघितली. माझ्याकडे पाहिलं, लगेच नजर वळवली, कानापर्यंत लाल. "हो हो, तेच म्हणते मी. चढलीय मला." आणि उठून तळ्याकडे गेली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण हे मनातलं नाही, मी कानांनी ऐकलं! तिला माहीत आहे. कसं ते कळत नाही. रांगेतून मागे वळून बघितलं असेल. का भांड्याखालची चिप तिनं हातानं ओळखली? नऊ वर्षं मीच शिकवलंय तिला. आणि माहीत असूनही महिनाभर ती मुकाट राहिली. टोमणे खाल्ले. बन आणले. माझ्याबरोबर यायचं म्हणाली. मला सांभाळून घेतलं तिनं, माझी अब्रू झाकली. आणि मी तिला "बघू" म्हणालो.

एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. डबी उघडताना नाही, पेपरात नाही, केकसमोर नाही. चोरी केली ती एक. पण जिची केली तीच आपल्यावर पांघरूण घालतेय, हे कसं सोसायचं? घरी येताना तिच्याच गाडीत तिच्याशेजारी बसलो होतो. ती हवामानाबद्दल बोलत होती. मी हो हो करत होतो.


शनिवार, ११ नोव्हेंबर

सकाळी केर्त्तूला सगळं सांगितलं. टेबलाशी, काळ्या पावावर लोणी लावता लावता. नाणं, डब्या, सॉसेज, मोहरी — मोहरीसुद्धा सांगितली.

तिनं कप खाली ठेवला. ऐकून घेतलं. मग उठली, फ्रिजवरचं कात्रण काढलं, घडी घातली आणि खणात ठेवलं. फाडलं नाही. फाडलं असतं तर बरं वाटलं असतं.

"माझ्याशी काय बोलतोस?" म्हणाली. "तिच्याकडे जा."

"तिला माहीत आहे गं."

"माहीत असणं वेगळं, तू सांगणं वेगळं."

बरोबर आहे. उद्या जातो. तैपेईवाल्यांना आजच लिहिलं असतं, जागा सोडतो म्हणून, पण आधी तिला. जागा तिची आहे. तिनं मैत्री तोडली तर तोडू दे. वेइयोला सांगितलं तर सांगू दे, पेपरात छापलं तर छापू दे. निदान छातीवरचा हा धोंडा उतरेल. महिन्यानं मला माणसासारखी झोप लागेल. तिलाही बरं वाटेल. गावानं एवढं हिणवलं, आता खरं काय ते बाहेर येईल. तिचा हात चांगलाच होता, चिप तेवढी टुकार होती, हे सगळ्यांना कळेल.

मोज्यांखालून डबी काढून कोटाच्या खिशात ठेवली आहे.


रविवार, १२ नोव्हेंबर

सांगितलं. तिच्या अंगणात, उभ्याउभ्याच. ती टाकी धूत होती. डबी तिच्या हातात ठेवली आणि म्हणालो, ही तुझी चिप. जेवणाच्या सुट्टीत मी बदलली.

ती रागावली नाही. गोंधळली. "सुट्टीत? अरे, पण मी तर सकाळीच बदलल्या होत्या! पंपावर, तू कॉफी आणायला गेलास तेव्हा. तीनदा दुसरा आलास तू. म्हटलं, या खेपेला तरी चांगली तुला मिळू दे."

मग तिनं हातातल्या डबीकडे बघितलं. मीही. दोघांनाही एकदमच कळलं. मी जिंकलो तो माझ्याच टुकार चिपेवर. चांगली तिच्या भांड्याखाली होती, आणि टुकार समजून तिनं ती मारत नेली.

महिनाभर ती टोमणे हसत झेलत होती ते एवढ्या बळावर — की उस्तादाला मी जिंकवलं, आणि चांगली चिप असती तर मीही जिंकले असते. मी जाऊन दोन्ही काढून घेतलं.

टाकीचा नळ वाहतच होता. तिनं तो बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे मला कशाला सांगितलंस रे?"